हिंगोलीच्या धक्क्यांनंतर आमच्या भागात किल्लारीसारखा भूकंप होईल का? दगडमातीचे घर सोडावे का?

आपण लिहिले आहे की, हिंगोलीकडचे धक्के आपल्या गावापर्यंत जाणवू लागल्यापासून रात्री झोप लागत नाही, घरात म्हातारी आई आणि दोन लहान मुले आहेत, आणि धाब्याचे (मातीच्या सपाट छपराचे) घर सोडून वाशीमला भाड्याने राहायला जावे की काय, असे मनात येते. मी भूगर्भशास्त्राचा अभ्यासक नाही. रिसोड तालुक्यातल्या एका गावात शेती करतो आणि त्यापूर्वी बारा वर्षे बांधकामांवर सुपरवायझर होतो, त्यामुळे जमिनीपेक्षा भिंतींविषयी मी अधिक खात्रीने बोलू शकेन.

१० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा मी स्वयंपाकघरात होतो. फळीवरचे जर्मनचे डबे किणकिणले आणि वरच्या फळ्यांच्या फटींतून पांढरी माती चाळणीने चाळावी तशी चहाच्या गंजात पडली. सारे काही सेकंदांत संपले. त्या दिवसापासून मला भीती वाटते ती जमिनीची नव्हे, तर डोक्यावरच्या त्या मातीची.

आधी आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. २००२ च्या भूकंप-नकाशात देशाचे दोन ते पाच असे चार विभाग केलेले होते आणि विदर्भाचा बहुतेक भाग त्यातल्या सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे दुसऱ्या विभागात दाखवलेला होता. हिमालयात दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, एकमेकांवर रेटले जातात. आपण त्या सीमेपासून फार दूर, पट्टाच्या पोटात राहतो, म्हणून येथे मोठे भूकंप क्वचितच होतात. परंतु केवळ नकाशा दाखवून मी आपली समजूत काढणार नाही, कारण ३० सप्टेंबर १९९३ पूर्वी किल्लारीसुद्धा सर्वांत कमी धोक्याच्याच विभागात होते. गणेश विसर्जनाची रात्र उलटून पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तेथे सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि आठ ते दहा हजार माणसे गेली. उत्तरेकडे २२ मे १९९७ रोजी जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तोही मध्यरात्र उलटल्यावर. म्हणून आपल्याकडे असे होणारच नाही, असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. एका माणसाच्या आयुष्यात त्याच्याच गावाखाली तसे होण्याची शक्यता फार कमी आहे, इतके म्हणता येते.

हे लहान धक्के मोठ्या भूकंपाची नांदी आहेत का, हा आपला दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. किल्लारी परिसरात १९९२ सालीच लहान धक्क्यांची मालिका जाणवली होती, हे खरे आहे. दुसरीकडे वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येण्याच्या तक्रारी कित्येक वर्षांच्या आहेत आणि मेळघाटातील सादराबाडी येथे २०१८ च्या पावसाळ्यात घरे हलत होती, पण त्यातून किल्लारी घडली नाही. बहुतेक मालिका अशाच विरून जातात. कोणती विरणार नाही, हे घडून गेल्यावरच कळते. म्हणून "आज रात्री दोन वाजता मोठा धक्का येणार" असा निरोप मोबाइलवर आला, तर तो कोणाच्याही नावाने आलेला असो, खोटा समजावा, कारण भूकंपाची वेळ आधी सांगण्याची विद्या जगात कोणाजवळ नाही. "लहान धक्क्यांनी जोर निघून जातो" हे पारावरचे समाधानही पोकळच आहे: ६.२ च्या एका भूकंपातली ऊर्जा ४.५ च्या सुमारे साडेतीनशे धक्क्यांइतकी असते.

आता घराविषयी. किल्लारीत माणसे मेली ती भिंतींखाली आणि माळवदाखाली, म्हणजे तिकडच्या धाब्याखाली. आपल्या दगडी भिंती दोन पदरी असतात. आत एक पदर, बाहेर एक, आणि मध्ये चिपा व मातीची भर. हादरा बसला की दोन्ही पदर एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येते आणि ती ढासळते. वर धाब्यावर दर पावसाळ्यापूर्वी पांढऱ्या मातीचा नवा थर पडत जातो, जुना मात्र कोणी काढत नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती असेल, तर तिचे वजन साडेचार टनांच्या आसपास भरते. आपल्या आईची बाज नेमकी त्याखाली असणार.

म्हणून घर सोडण्याआधी वरची माती उतरवावी. खालच्या सरा-फळ्या (लाकडी तुळया आणि फळ्या) चांगल्या असतील तर त्यावर पातळ थर ठेवावा, नाहीतर टिन टाकावे. उन्हाळ्यात टिन तापते, ही तक्रार खरी आहे आणि आमच्या घरात ती रोज ऐकू येते. भिंतीचे पोट पाहण्यासाठी बाहेरून वरपासून खालपर्यंत ओळंबा सोडावा. भिंत नव्याने बांधताना दर दोन फूट उंचीवर आणि दर चार फुटांवर एक आरपार दगड, म्हणजे दोन्ही पदरांना धरून ठेवणारा लांब दगड, घालायलाच लावावा. जुनी भिंत ठेवायची असेल, तर एकेक दगड हळूच काढून आरपार भोक पाडावे आणि त्यात सळईचा आकडा ठेवून काँक्रीट भरावे. गवंडी कुरकुर करतो. आमचा म्हणाला, "भाऊ, पन्नास वर्ष उभी हाय, आता काय होते तिले?" नवे बांधणार असाल, तर लिंटेलची, म्हणजे दारे-खिडक्यांच्या वरची आडवी काँक्रीटची पट्टी तेवढ्यापुरती न ठेवता घराभोवती सलग फिरवावी, तिच्याशिवाय मातीत रचलेल्या भिंतींवर टाकलेला स्लॅब धाब्याहून बरा नाही.

बाज जड भिंतीपासून दूर आणि दाराजवळ आणावी, उशाशी बॅटरी ठेवावी, डोक्यावरच्या फळीवरून लोखंडी पेटी खाली उतरवावी. धक्का बसला आणि दार दोन पावलांवर असेल तर अंगणात यावे, पण दोन भिंतींमधल्या बोळात थांबू नये. वाशीमला भाड्याने जाण्याचा खर्च वर्षभराचा धरून पाहा; माझ्या हिशेबाने तेवढ्यात एका खोलीची माती उतरून टिन पडते.

आमच्या घराच्या दोन खोल्यांवरची माती गेल्या उन्हाळ्यात उतरवली. ट्रॅक्टरच्या सात ट्रॉल्या निघाल्या. मागच्या भिंतीचे पोट अजून तसेच आहे. सोयाबीनचे पैसे आले की तिला हात लावणार आहे, तोवर त्या बाजूला कोणी झोपत नाही.