शिखर संस्थेत गेलो तर आमचा गट आमचा राहील का?

प्रश्न : ताई, आम्ही अकरा जण दर रविवारी मुलांचा अभ्यास घेतो, चार वर्षं झाली. आता एक शिखर संस्था म्हणतेय की आमचे सभासद व्हा. ती नक्की करते काय? आणि उद्या आमच्यावर हुकूम तर चालवणार नाही ना?

उत्तर : भीती रास्त आहे तुमची. पण शिखर संस्था तुमची मालक नसते हो, तुमच्यासारखे छोटे गट एकत्र येऊनच ती बनते, आणि ती येऊन मुलांना शिकवत नाही, तुमचं जिथे अडतं ना, कागदपत्रं, हिशेब, फंडिंग, तिथे सोबत बसते.

प्रपोजलचंच घ्या. एका गटाचा अर्ज मी पाहिला होता, वर ४० मुलं, बजेटमध्ये वह्या ६० मुलांच्या, आणि 'वर्षभरात काय बदल होईल' या रकान्यात एवढंच की मुलं हुशार होतील. माणसं जीव ओतून काम करणारी, पण पैसे देणाऱ्यासमोर फक्त कागद असतो, त्याला ते दिसणार कसं? मग शिखर संस्थेतली एक कार्यकर्ती दोन संध्याकाळ त्यांच्याबरोबर बसली, पटावर किती, रोज येतात किती, सुरुवातीला सलग वाचता किती जणांना यायचं आणि आता किती, असं एकेक विचारत गेली. उत्तरं सगळी त्यांच्या हजेरीच्या वहीतच होती, कोणी विचारलंच नव्हतं! मला तर हेच शिखर संस्थेचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

बाकी मग गटाची घटना, म्हणजे नियमावली, नीट लिहिणं, खात्यावर दोघांच्या सह्या, व्हाउचर फाइल करणं हे आहेच. तुमचं काम मुलांसोबतचं, तेव्हा नवीन व्हॉलंटियरची चौकशी कशी करायची आणि बालसुरक्षेचे नियम काय असावेत हे तर आधी विचारा. शिवाय एकट्या गटाचं पत्र सरकारी टेबलावर पडून राहतं, सगळे मिळून गेले की निदान मीटिंगची वेळ मिळते. ही काही नवी गोष्ट नाही, ब्रिटनमध्ये आज एनसीव्हीओ म्हणतात ती शिखर संस्था १९१९ मध्ये सुरू झाली, भारतात 'वाणी' (व्हॉलंटरी अ‍ॅक्शन नेटवर्क इंडिया) १९८८ मध्ये.

आता हुकमाचं. सही करण्याआधी त्यांची घटना मागून घ्या आणि वाचा. कार्यकारिणी कोण निवडतं, अकरा जणांच्या गटालाही मत आहे का, बाहेर पडायचं झालं तर काय. आणि हे नक्की विचारा, की सभासद ज्या ग्रँटसाठी अर्ज करतात त्याच ग्रँटसाठी संस्था स्वतःही अर्ज करते का. करत असेल तर तुम्ही तुमचं प्रपोजल तिला विश्वासाने दाखवणार कसं? मी तरी अशा ठिकाणी घाई करणार नाही.

पहिल्या भेटीला एकट्या जाऊ नका, खजिनदाराला घेऊन जा. आणि हजेरीची वहीपण.