बीसी-४५९ : १६२६ बदलू नका, रिकामं सॉकेट बघा

तुम्ही लिहिलंय ते असं : दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन विमानातला बीसी-४५९ ट्रान्समीटर हाती लागला. २४ व्होल्ट दिल्यावर दोन्ही १६२५ व्हॉल्व्ह (जुन्या पद्धतीच्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या) छान पेटले, पण ऑसिलेटरचा, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सी तयार करणारा, १६२६ मलूलच राहिला. मॅजिक आयचं (हिरव्या प्रकाशाने ट्यूनिंग दाखवणाऱ्या व्हॉल्व्हचं) सॉकेट रिकामं आहे. आता नवा १६२६ आणि ७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल मागवावा का?

दोन्ही मागवू नका.

हा सेट विमानाच्या २८ व्होल्टच्या सप्लायवर चालायचा आणि व्हॉल्व्ह मात्र १२.६ व्होल्टचे. म्हणून हीटर (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारा) दोन-दोन करून सीरिजमध्ये जोडलेत. दोन १६२५ ची एक जोडी, १६२६ आणि मॅजिक आय १६२९ यांची दुसरी. गोम या दुसऱ्या जोडीत आहे. १६२६ ला ०.२५ अँपिअर लागतो, १६२९ ला फक्त ०.१५. वरचा ०.१ अँपिअर जायला वाट हवी, म्हणून आयच्या हीटरला समांतर १२६ ओहमचा रेझिस्टर टाकलाय. आय काढला की सगळा करंट त्या एकट्या रेझिस्टरमधून येतो आणि १६२६ च्या वाट्याला जेमतेम निम्मं व्होल्टेज उरतं.

मी यात तीन रात्री घालवल्यात. माझा आय मेलेला होता, 'शोभेची वस्तू' म्हणून काढून ठेवला, आणि मग ऑसिलेटरची कॉइल, कंडेन्सर, सगळं तपासत बसलो. हीटरचं व्होल्टेज मोजायचं चौथ्या दिवशी सुचलं!

उपाय स्वस्त आहे. रिकाम्या सॉकेटच्या २ आणि ७ नंबरच्या पिनांमध्ये ८२ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावा. तो गरम होतो, वायरिंगपासून लांब ठेवा.

क्रिस्टलबद्दल : आयच्या शेजारी जो धातूचा डबा ऑक्टल (आठ पिनांच्या) सॉकेटमध्ये बसतो तो ८००० किलोहर्ट्झचा आणि फक्त डायल तपासायला. डायल त्या खुणेवर आल्यावर आयमधली सावली बदलते. फ्रिक्वेन्सी ठरवतो तो १६२६ चा व्हीएफओ (डायल फिरवून फ्रिक्वेन्सी बदलता येणारा ऑसिलेटर). तिथे ७ चा क्रिस्टल घालून काही होणार नाही. आय नसेल तर डायल रिसीव्हरवर ऐकून तपासा.

१६२५ म्हणजे आपल्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींच्या लाडक्या ८०७ व्हॉल्व्हचा १२.६ व्होल्टचा भाऊ. बूड सात पिनांचं, ८०७ चं पाच, तेव्हा घरातला ८०७ इथे बसणार नाही.

एचटी (व्हॉल्व्हना लागणारं उच्च व्होल्टेज) लगेच पूर्ण देऊ नका. मूळ डायनामोटर (विमानाचं कमी व्होल्टेज वाढवून देणारं फिरतं यंत्र) साडेपाचशेच्या आसपास व्होल्ट द्यायचा, आणि ते व्होल्टेज १६२५ च्या डोक्यावरच्या टोपीवर उघडं असतं. २५० पासून सुरुवात करा, सप्लायला ब्लीडर (बंद केल्यावर कंडेन्सर रिकामे करणारा रेझिस्टर) हवाच, आणि मोजताना डावा हात खिशात. कॅथोडमध्ये थेट मोर्स की जोडणार असाल तर की उघडी असताना तिच्यावरही चांगलाच झटका बसेल एवढं व्होल्टेज येतं, मध्ये रिले टाका. डमी लोडवरच (अँटेनाऐवजी जोडायच्या रेझिस्टरवर) चालवा. अँटेना हॅमचा परवाना हातात आल्यावर.

८२ ओहम लावून झाला की १६२६ च्या हीटरवर मोजा. १२ च्या आसपास आले नाहीत तर तो १२६ ओहमचा रेझिस्टर एक टोक सोडवून मोजा आणि आकडा इथे टाका.