रविवारी ताप आला तर?

‘शनिवार-रविवारची ड्यूटी चुकली की पुढच्या वीकेंडला भरून द्या म्हणतात. मग आजारी पडणं गुन्हाच झाला ना?’ नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी हॉस्पिटलांमधल्या सिस्टर्स समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्या की शब्द बदलतात, प्रश्न हाच असतो.

परवानगीने आणि ओळख बदलून एकीचं सांगते. आयसीयूतली तिशीची स्टाफ नर्स. शुक्रवार दुपारपासून पोटात गोळा, रात्री झोप नाही. फिजिशियनने तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल. दोन महिन्यांत तिचे दोन रविवार गेले होते: एकदा तापाने, एकदा वर्ध्याला वडिलांना ॲडमिट करावं लागलं म्हणून. त्यावर वॉर्डच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘काहींना रविवारीच ताप येतो.’ त्यानंतर एका शनिवारी ती क्रोसिन घेऊन ड्यूटीवर गेली.

‘मॅडम, आता आजारी पडाचीही भीती वाटते.’

अंगात ताप असताना आयसीयूतल्या पेशंटजवळ उभं राहणं किती चूक, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक. तरीही गेली. लाज अशीच काम करते.

भरपाईच्या नियमाबद्दल माझं मत तिला आवडलं नाही. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला रविवार कळत नाही. एक सिस्टर आली नाही की दुसरीला डबल ड्यूटी पडते, आणि तिच्याही घरी त्या दिवशी बारसं नाहीतर साखरपुडा असतोच. म्हणून नियम असण्यात मला वावगं वाटत नाही. तो कसा लावतात, तिथे खरी मेख आहे.

पुढच्या वेळी तिला ड्यूटी रोस्टरचे फोटो आणायला सांगितले. आम्ही भावनांचं बाजूला ठेवून नुसते दिवस मोजले. सोमवार ते शनिवार ड्यूटी, रविवारी भरपाई, आणि पुढचा ऑफ थेट शुक्रवारी. सलग ११ दिवस! शिवाय तापाच्या दिवसाची सीएलही (किरकोळ रजा) कापलेली. म्हणजे रजाही गेली आणि ड्यूटीही भरून घेतली. ती फोटोकडे बघतच राहिली. ‘हे मी काहून नाही पाह्यलं?’

आपणच दोषी आहोत असं मनाने धरलं की माणूस हिशेब मागत नाही.

मोठ्या खासगी हॉस्पिटलांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती आणि वर्षाला ८ पगारी किरकोळ रजा आहेत. (मेडिकल आणि मेयो या सरकारी हॉस्पिटलांतल्या सिस्टर्सचं वेगळं; त्यांना १९८१ चे नागरी सेवा रजा नियम.) रविवार भरून द्यायचा तर त्या बदल्यात दुसऱ्या वारी ऑफ मिळायला हवा, एवढं साधं आहे.

इन्चार्ज सिस्टरशी काय बोलायचं, याची आम्ही तालीम केली. पहिल्या खेपेला ती ‘सॉरी सिस्टर’ने सुरू झाली. थांबवलं. तिसऱ्या खेपेला नीट जमलं: ‘सिस्टर, येत्या रविवारी मी भरपाईला येते. त्या बदल्यात बुधवारी ऑफ टाकाल का? आणि तापाच्या दिवसाची सीएल कापली आहे, तर त्याची भरपाई धरायची की नाही, हे मेट्रन मॅडमना विचारून सांगाल?’ रडगाणं नाही, कायद्याची धमकीही नाही. पहिल्याच वाक्यात कायदा काढला की समोरचा माणूस कान बंद करतो, हा माझा अनुभव.

बुधवार मिळाला. कापलेली सीएल मात्र परत आली नाही; मेट्रननी ‘बघू’ म्हटलं आणि ते बघणं अजून चालू आहे. ग्रुप तिने म्यूट केला. शुक्रवारचा पोटातला गोळा पूर्ण गेलेला नाही, पण झोप लागते. मागच्या महिन्यात पुन्हा ताप आला, तेव्हा तिने शनिवारी सकाळीच इन्चार्जना फोन केला, रविवारसाठी बदली सिस्टरचं नाव लिहून घ्यायला सांगितलं आणि घरी राहिली. तो रविवार तिने नंतर भरून दिला, गुरुवारचा ऑफ घेऊन.