तळ्याच्या गाळावरनं हिमयुग कसं कळतं?

प्रश्न: सर, रंकाळ्याचा गाळ बघितला तर नुसता काळा चिखल दिसतोय. मग शास्त्रज्ञ तळ्यातल्या गाळावरनं २० हजार वर्षांपूर्वीचं हवामान कसं काय सांगतात? रंकाळ्यात बोअर मारला तर असलं काय मिळेल का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर: रंकाळ्यात नाही मिळणार. ती मुळात दगडाची खाण, तळं नंतर झालं, हिमयुग त्याच्या कितीतरी आधीच संपलेलं, आणि वरचा गाळ माणसानं पार ढवळलाय. थर वाचायचे तर ते जागचे हललेले नसावे लागतात, म्हणून खोल, शांत तळी शोधतात, जिथं तळाला ऑक्सिजन नसतो आणि गाळ उकरणारे किडे जगतच नाहीत. जपानचं सुइगेत्सु तळं असलंच. तिथं डायटम या सूक्ष्म शेवाळाचा फिकट थर आणि मातीचा गडद थर अशी जोडी दरवर्षी बसत गेली, ती मोजायची, वर त्यात अडकलेल्या पानांचं कार्बन डेटिंग करायचं, म्हणजे तारीख दोन बाजूंनी तपासली जाते.

तारीख कळली, आता हवामान. मला यातला सगळ्यात आवडणारा पुरावा ड्रायस नावाच्या छोट्या फुलझाडाचा आहे. ते कडाक्याच्या थंडीत, उघड्या माळावर वाढतं. स्कँडिनेव्हियात तळ्यांच्या गाळात खाली झाडांच्या खुणा मिळाल्या, म्हणजे ऊब आलेली, आणि त्याच्या वरच्या थरात परत ड्रायसची पानं! हिमयुग संपत आलेलं असताना, साधारण १२,९०० वर्षांपूर्वी, थंडी पुन्हा उलटली आणि ११,७०० वर्षांपूर्वीपर्यंत टिकली, हे पहिल्यांदा या पानांनीच दाखवून दिलं.

आपल्याकडं दख्खनवर बर्फ नव्हता, त्यामुळं इथं प्रश्न पावसाचा. राजस्थानात डिडवाना तळ्यात हिमयुगाच्या ऐन थंडीच्या काळातले मिठाचे थर सापडलेत, म्हणजे पाणी आटत होतं, मान्सून कमजोर होता. आपलं लोणार त्या मानानं अलीकडचं सांगतं, त्याचा अभ्यासलेला गाळ साधारण ११ हजार वर्षांचा आहे, पण त्यात गेलुसाइटचे स्फटिक मिळालेत, जे तळं आटून पाणी फार खारट झालं की तयार होतात, आणि त्यावरनं ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा लांबलेला दुष्काळ कळला.

फक्त एका तळ्यावर भिस्त ठेवू नका, ओढ्यानं वाट बदलली तरी तळं आटतं. डिडवानाचं मीठ पटतं ते अरबी समुद्राच्या तळाचा गाळही त्या काळात मान्सून कमजोर होता असंच सांगतो म्हणून.