घरी शिवलेली जीन्स सीटवर नीट बसते, पण कमरेला मागून फाकते. बाजूची शिवण आत घेऊ का? (सांगली)

बाजूची शिवण घेऊ नका, जादा माप मागच्या योकमधून (कमरपट्टीखालचा मागचा आडवा तुकडा) आणि मागच्या मधल्या शिवणीतून काढा. जीन्सला मागे टक्स (आकारासाठी घातलेल्या चिमटीच्या शिवणी) नसतात, कमरेचा बाक योकच देतो. बाजूने आत घेतलं की खिसे ओढले जातात आणि मागचं फाकणं तसंच राहतं. मी जीन्स घरीच शिवते, त्यात हेच लागू पडतं. समजा ४ सेंमी जादा आहे. मग कागदी कटिंगवर योकच्या दोन्ही तुकड्यांना वरच्या काठाला १-१ सेंमीची चिमूट घ्या, खालच्या काठाकडे ती शून्यावर आणा. उरलेले २ सेंमी मधल्या शिवणीत. बेल्टही, म्हणजे कमरपट्टीही, सरळ पट्टीची नको, त्याच बाकाने कापा, नाहीतर वरची कड पुन्हा उघडी पडते. यासाठी थोडं कापड जास्त लागतं, पण तिथे काटकसर करू नका.

मात्र कापडपेठेतून आणलेलं डेनिम न धुताच शिवलं असेल, तर अजून काहीच उसवू नका. सुती डेनिम पहिल्या धुण्यात आटतं. धुऊन, पूर्ण वाळवून जीन्स घाला, खाली बसून बघा आणि मगच चिमटीत धरून माप घ्या.