पंपाच्या मोबाईल स्टार्टरमधल्या मोडेमला कमांड देऊन सेटिंग कसं बघायचं?

तुम्ही लिहिलंय की निपाणीच्या बाजूला वेदगंगेकाठच्या मोटरीला मोबाईल स्टार्टर, म्हणजे फोनवरून मोटर चालू-बंद करणारी पेटी, बसवलाय. तेच सिम हँडसेटमध्ये घातलं की चालतं, पण स्टार्टर मात्र दिवसाआड 'नेटवर्क नाही' दाखवून गप्प बसतो. आतल्या मोडेमला (सिम घालायचा, टॉवरशी बोलणारा भाग) कमांड टाईप करून काही विचारता येतं का, हा तुमचा प्रश्न. येतं की! मी याच पट्ट्यात स्टार्टर आणि पॅनेल दुरुस्त करतो, आणि हे दुखणं मला ओळखीचं वाटतंय.

आधी जिवाचं बघा. पॅनेलचा थ्री-फेज पूर्ण तोडून बोर्ड बाहेर काढा, घरी टेबलावर ठेवा आणि मगच लॅपटॉप जोडा. चालू पॅनेलला लॅपटॉप लावलेला एक पाहुणा मी बघितलाय. माणूस वाचला, लॅपटॉप गेला.

लॅपटॉपच्या यूएसबीवरून मोडेमशी बोलायला यूएसबी टू टीटीएल नावाची छोटी पट्टी मिळते. तिचा टीएक्स (पाठवायची तार) मोडेमच्या आरएक्सला (ऐकायची तार), आरएक्स टीएक्सला, आणि ग्राउंड ग्राउंडला. बोर्डावरची मुख्य चिप त्याच दोन तारांवर बोलत असते, तिला तेवढ्यापुरती बाजूला करा. नाहीतर दोघं एकदम बोलतात आणि मोडेमला कुणाचंच कळत नाही. मोडेमचं मोड्यूल सिम८०० जातीचं असेल तर त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. सप्लाय नाजूक असला की टॉवर शोधताना मोड्यूल रीसेट होतं आणि आपण उगीच सिमला शिव्या घालतो. याच जातीचं मोड्यूल फक्त टू-जी पकडतं, म्हणून जिओचं सिम त्यात चालणारच नाही.

आता लॅपटॉपवर पुट्टी (कमांड टाईप करायचा प्रोग्रॅम) उघडा, वेग ९६००. कमांड मी इथं मराठी अक्षरांत लिहितोय, तुम्ही इंग्रजी कॅपिटलमध्ये टाईप करा. पहिल्यांदा नुसतं 'एटी' आणि एंटर. 'ओके' आलं की गडी जागा आहे. नाही आलं तर दोन-तीनदा मारा, तरी गप्प असेल तर टीएक्स-आरएक्स उलटे झालेत. हा 'एटी' म्हणजे 'अटेन्शन', १९८१ च्या हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमपासून चालत आलेला. डायल-अपच्या काळात आमच्या लाईनवरचा डायल टोन मोडेमला ओळखूच यायचा नाही, तेव्हा 'एटीएक्स३' मारून टोनची वाट न बघता नंबर फिरवायला लावायचो. आणि रात्री वडील उठू नयेत म्हणून 'एटीएम०', स्पीकर बंद. तीच भाषा आज उसाच्या शेतात चालते, याची मला अजून गंमत वाटते.

पुढं 'एटी+सीपीआयएन?' विचारा. 'रेडी' आलं तर सिम ठीक. मग 'एटी+सीएसक्यू'. सिग्नल किती जोराचा आहे त्याचा ० ते ३१ मधला आकडा येतो. दहाच्या खाली असेल तर अँटेना पत्र्याच्या पेटीबाहेर काढा. ९९ म्हणजे मोडेमला सिग्नल मोजताच आलेला नाही.

खरी गोम 'एटी+सीआरईजी?' मध्ये आहे, मोडेम नेटवर्कवर नोंदला गेलाय का ते ही कमांड सांगते. उत्तरात दोन आकडे येतात, त्यातला दुसरा बघा. १ म्हणजे घरचं नेटवर्क, २ म्हणजे अजून शोधतोय, ३ म्हणजे नेटवर्कनं नाकारलं, आणि ५ म्हणजे रोमिंग. कोगनोळीजवळच्या एका मळ्यात मी ही कमांड मारली तेव्हा सकाळी '०,१' आलं आणि दुपारी '०,५'. मळ्याचे मालक मागं उभे होते, म्हणाले, "आवो, मोटर जाग्यावर हाय, रोमिंगला कुठं गेली?" गेलं होतं सिम. कर्नाटकाचं सिम महाराष्ट्रातल्या कागलकडचा टॉवर पकडत होतं, आणि स्टार्टरचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं फक्त १ लाच 'नेटवर्क आहे' मानलं होतं. हँडसेटला १ काय आणि ५ काय, दोन्ही सारखेच, म्हणून सिम तिथं चालायचं. सीमाप्रश्न आपल्याकडं मोटरीलासुद्धा चुकत नाही!

खात्री करायला 'एटी+सीओपीएस=३,२' मारून मग 'एटी+सीओपीएस?' विचारा, टॉवर ज्या नेटवर्कचा आहे त्याचा क्रमांक येईल. एअरटेलचा कर्नाटकाचा ४०४४५, महाराष्ट्राचा ४०४९०. बीएसएनएलचे अनुक्रमे ४०४७१ आणि ४०४६६. घरचा क्रमांक धरून ठेवायला 'एटी+सीओपीएस=४,२,"४०४४५"' असं द्या, आकडे अर्थात इंग्रजीत. सुरुवातीचा ४ मुद्दाम आहे: हा टॉवर मिळाला नाही तर मोडेम आपोआप दुसरा घेतो. तिथं १ दिलात आणि घरचा टॉवर पडला तर बोर्ड कायमचा अडून बसेल. परत पहिल्यासारखं करायचं तर 'एटी+सीओपीएस=०'. नंतर बोर्डाची वीज घालवून परत द्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारून निवड टिकलीय का बघा, कारण आपल्याकडं लाईट किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. टिकत नसेल तर बनवणाऱ्याकडून प्रोग्रॅम बदलून घ्या, नाहीतर सरळ कागलकडचं सिम घाला.

'एटी+आयपीआर' ला मात्र हात लावू नका. त्यानं बोलण्याचा वेग बदलतो, आणि मग मोडेम तुमच्याशी बोलेल पण स्टार्टरच्या चिपशी बोलणार नाही. सीआरईजीचा दुसरा आकडा काय येतो ते सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा बघून इथं लिहा.