अंपायरचा ‘न’ कुठे गेला?

प्रश्न असा आला आहे: ‘क्रिकेटच्या पंचाला अंपायर म्हणतात. त्याचा एम्पायरशी, म्हणजे साम्राज्याशी, काही संबंध आहे का? आणि इतके कोश, इतक्या शाळा असूनही इंग्रजी शब्द बदलत का राहतात?’

साम्राज्याशी काहीही संबंध नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र अंपायर या शब्दाच्या पोटातच आहे.

शब्द मूळचा जुन्या फ्रेंचमधला, ‘नॉनपेर’. नॉन म्हणजे नसलेला आणि पेर म्हणजे जोडीचा, बरोबरीचा. दोघांचं भांडण आहे, दोघे दोन बाजूंना उभे आहेत, तेव्हा निवाड्याला असा माणूस हवा जो कुणाच्याच जोडीचा नाही. एकी-बेकीच्या भाषेत सांगायचं तर बेकी मोडणारा एकीचा माणूस. आपल्या ‘पंच’ शब्दातला पाचही एकीचाच आकडा आहे, हे लक्षात आलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत ‘नूम्पेर’ असा दिसतो. ‘न’ शाबूत आहे. पंधराव्या शतकात तो ‘ऊम्पेर’ होतो. ‘न’ कुठे गेला? शेजारच्या शब्दाने नेला.

त्यासाठी इंग्रजीतलं अ आणि ॲन पाहावं लागतं. जुन्या इंग्रजीत ‘आन’ म्हणजे एक, वन. ‘एक माणूस आला’ म्हणताना आपण ‘एक’वर जोर देत नाही, तसाच हा ‘आन’ बिनजोराने बोलून बोलून झिजला आणि ‘ॲन’ झाला. पुढे व्यंजन आलं की त्याचा ‘न’ही गळू लागला, स्वरापुढे तेवढा टिकला. म्हणजे आज आपण पाठ करतो तो अ-ॲनचा नियम कुणी बसून ठरवलेला नाही, तो झिजेतून उरलेला आहे. आता कुणी ‘अ नूम्पेर’ म्हणालं, तर ऐकणाऱ्याच्या कानावर ‘अनूम्पेर’ एवढंच पडतं. बोलण्यात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. नूम्पेर हा शब्द ज्याला माहीत नाही, तो ‘ॲन ऊम्पेर’ असं तोडू शकतो, आणि त्याच्या भाषेच्या नियमाने ती तोड अगदी बरोबर असते.

ॲप्रनचंही हेच झालं. मूळ शब्द ‘नेपरन’, फ्रेंच ‘नाप’ म्हणजे मेजावरच्या कापडावरून आलेला. ‘अ नेपरन’चं ‘ॲन ॲप्रन’ झालं. त्याच ‘नाप’ला लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागून झालेला नॅपकिन मात्र आपला ‘न’ सांभाळून राहिला. आणि नापच्याही मागे लॅटिन ‘माप्पा’, म्हणजे कापडच. कापडावर जगाचा नकाशा काढत, त्यावरून मॅप. स्वयंपाकघरातला ॲप्रन, जेवणाच्या ताटाशेजारचा नॅपकिन आणि भिंतीवरचा मॅप ही एकाच घरची भावंडं आहेत, पण तोंडावरून आज कुणी ओळखणार नाही.

‘न’ची ने-आण उलट्या दिशेनेही झाली. ‘एक’ म्हणजे जुन्या इंग्रजीत जास्तीचं, वरचं (आपल्या एकाशी त्याचा संबंध नाही). ‘ॲन एकनेम’ म्हणजे वरचं नाव. त्याचं ‘अ नेकनेम’ झालं आणि त्यातून निकनेम. लाडाने ‘माइन एड’ (माझा एड) म्हणता म्हणता एडचा नेड झाला, ॲन नावाच्या मुलीची नॅन झाली.

ही चूक नव्हे का, असं कुणी विचारेल. गणपतीची आरती आठवा. ‘लंबोदर पीतांबर फणिवरबंधना’ या ओळीचं ‘फळीवर वंदना’ कित्येक घरांत अजून होतं. मुलाला फणिवर ठाऊक नसतो, फळी ठाऊक असते. ते कानावर आलेल्या आवाजांतून स्वतःला कळेल असा अर्थ बांधतं. भाषा प्रत्येक मूल अशीच, कानांनी, नव्याने बांधत असतं. आरती छापलेली आहे, म्हणून मोठेपणी ती सुधारते. छापील प्रत नसती आणि सगळ्या आळीने फळीच ऐकली असती, तर पुढच्या पिढीला तीच आरती मिळाली असती.

मध्ययुगातल्या इंग्रजीची परिस्थिती नेमकी अशी होती. 1066मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबाराची भाषा फ्रेंच झाली. फ्रेंच शब्द इंग्रजीत आले, पण बहुतेकांना ते लिहिलेले पाहायला मिळत नव्हते. ठरलेलं स्पेलिंगही नव्हतं. विल्यम कॅक्स्टनने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला तो 1476मध्ये. तोवर बरेच ‘न’ घरं बदलून बसले होते.

कोशांबद्दल म्हणाल, तर सॅम्युअल जॉन्सनचा प्रसिद्ध कोश 1755चा. भाषा स्थिर करता येईल अशी आशा आपल्याला सुरुवातीला होती, पण कुठलाही कोश हे करू शकणार नाही, असं त्याने स्वतःच प्रस्तावनेत लिहिलं आहे. मला ही कबुली फार मोलाची वाटते. छपाईने स्पेलिंगला बांध घातला, कानांना नाही.

म्हणून ही तोडफोड आजही चालू आहे. हॅम्बर्गर म्हणजे हॅम्बर्ग शहराचा, जसं कोल्हापूरचं ते कोल्हापुरी. पण लोकांना त्यात ‘हॅम’, म्हणजे डुकराचं मांस, ऐकू आलं, मग उरलेल्या ‘बर्गर’ला स्वतःचा अर्थ मिळाला आणि त्यातून चीजबर्गर, व्हेज बर्गर निघाले. हेलिकॉप्टर हा ग्रीकमधल्या ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्र आणि ‘प्टेर’ म्हणजे पंख यांचा जोडशब्द. शब्दाच्या सुरुवातीला ‘प्ट’ इंग्रजी जिभेला मानवत नाही, म्हणून तोड सरकून हेलि-कॉप्टर झाली आणि हेलिपॅड तयार झालं.

ऑरेंजचा ‘न’ही इंग्रजीने असाच गमावला, असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते खरं नाही. संस्कृत ‘नारङ्ग’ फारसी-अरबीतून युरोपात गेला, आणि इंग्रजीपर्यंत पोचण्याआधीच इटालियन-फ्रेंचमध्ये त्याचा पहिला ‘न’ गळाला होता. स्पॅनिश लोक मात्र अजून ‘नारांखा’ म्हणतात.